एक दिवसाची संपादक नको, रात्रीचे पहिले पान द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

८ मार्चचा अंक लांबूनच ओळखू येतो. शीर्षपट्टी गुलाबी, पहिल्या पानावर फेटे बांधलेल्या बायकांच्या दुचाकी फेरीचा फोटो, आत आठ पानी पुरवणी आणि तिच्यातली निम्मी जागा सराफ, साडीवाले आणि पतसंस्थांच्या शुभेच्छांना. अलीकडे त्यात आणखी एका प्रथेची भर पडली आहे. कुणी महिला पोलीस अधिकारी, उद्योजिका किंवा खेळाडू ‘अतिथी संपादक’ म्हणून येते, सकाळच्या बैठकीत तिचा सत्कार होतो आणि त्या दिवसाचा अंक तिच्या नावाने निघतो. मराठीतली बहुतेक दैनिके हे करतात, आपलेही त्यांतलेच. त्या पाहुणीबद्दल तक्रार नाही. प्रश्न दुसऱ्या दिवसाचा आहे. ९ मार्चच्या रात्री पावणेबाराला पहिले पान कोण मोडते आणि कोण पुन्हा लावते?

संपादक तिथे घडतो, म्हणून हे जरा विस्ताराने सांगायला हवे. लांबच्या तालुक्यांची डाक आवृत्ती आधी सुटते, कारण तिचे गठ्ठे पहाटेच्या आत एजंटाच्या नाक्यावर पडायला हवेत. मग जिल्ह्याच्या आवृत्त्या आणि सर्वांत शेवटी शहर. डाक साडेनऊ-दहाला, शहर साडेबारा-एकला. समजा पावणेबाराला घाटात बस कोसळल्याची खबर आली. पहिल्या पानावर सहा बातम्या लागून बसलेल्या. खालच्या अर्ध्या पानाची जाहिरात हलवता येत नाही, कारण तिचे पैसे पहिल्या पानाच्या दराने घेतलेले आहेत. मग पाच कॉलमांची मुख्य बातमी तीनवर आणायची, आमदारांचे निवेदन पान सातवर ढकलायचे, ‘उर्वरित पान ७ वर’ची ओळ दुरुस्त करायची. मृतांचा आकडा पोलीस नियंत्रण कक्ष आणि जिल्हा रुग्णालय अशा दोन ठिकाणांहून घ्यायचा, आणि ते जुळले नाहीत तर लहान आकडा ‘किमान’ लावून वापरायचा. मथळ्यात नऊ आणि मजकुरात अकरा राहणे ही नेहमीची चूक. त्याहून वाईट म्हणजे डाकेचे जुने पान शहराच्या छपाईच्या प्लेटला जाणे. हे सगळे वीस मिनिटांत उरकायचे, कारण त्यापुढे उशीर झाला की एखाद्या मार्गावरची गाडी चुकते आणि तिथला अंक उन्हे आल्यावर पोहोचतो.

वर्षभर हे केलेल्या उपसंपादकाला वृत्तसंपादक करताना कुणी फारसा विचार करत नाही. न केलेल्याला करताना सगळेच विचारात पडतात. आणि न केलेल्यांत बायका जास्त असतात, कारण त्यांना साडेसातला घरी पाठवलेले असते. काळजीपोटी.

यात कायदा आडवा येत नाही. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मध्ये पत्रकारितेचे आणि छपाईचे काम करणाऱ्या आस्थापना येतात. त्यातल्या कलम १३ प्रमाणे स्त्रीला रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत कामाची सक्ती करता येत नाही. पण तिची संमती असेल आणि मालकाने तिच्या सुरक्षिततेची, सन्मानाची व कचेरीतून घराच्या दारापर्यंत पोहोचवण्याची सोय केली असेल, तर रात्रपाळी करता येते. आडवी येते ती गाडी. एकच गाडी, तिची वेळ बाराची, आणि पान सुटते साडेबाराला. म्हणजे एक तर पान अर्धे टाकून उठा, नाही तर गाडी सोडा. काही ठिकाणी ‘रिक्षाने जा, बिल लावा’ म्हणतात. ते बिल लेखा विभागात दोन महिने फिरते, तिसऱ्या महिन्यात ती स्वतःच दिवसपाळी मागून घेते आणि फायलीत कारण पडते ‘कौटुंबिक’. मार्ग आखताना इंधन वाचावे म्हणून जवळच्यांना आधी उतरवतात आणि लांब राहणारी शेवटी चालकासोबत एकटी उरते. अनेक कचेऱ्यांत तर रात्री दहानंतर बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप असते आणि किल्ली दिवसपाळीच्या शिपायाच्या खिशात.

यातले काहीच महागड्या उपायांचे नाही. गाडी घड्याळाला न बांधता शहर आवृत्तीच्या शेवटच्या पानाला बांधावी. कुणी बाई शेवटी एकटी उरणार असेल तर मार्ग उलटा फिरवावा किंवा सुरक्षारक्षक सोबत द्यावा. चालकाचे नाव आणि गाडीचा नंबर पाळीच्या वहीत असावा. घरी पोहोचल्याचा निरोप कुणाला द्यायचा आणि तो आला नाही तर फोन कुणी करायचा, हे आधी ठरलेले असावे. पाळीवर एका वेळी किमान दोघी असाव्यात. सुरुवातीला आठवड्याला दोन रात्री पुरतात. पहिले दोन आठवडे आतले जिल्हा पान, पुढचे दोन पहिल्या पानावर दुसऱ्या खुर्चीत, पाचव्या आठवड्यापासून पहिले पान तिच्या हाती आणि जुना मुख्य उपसंपादक शेजारी गप्प. त्याने गप्प बसणे हा या सगळ्यातला अवघड भाग. आणि पाळी पुरुषांइतकीच फिरती हवी. नाही तर रात्रीला तयार असलेल्या दोघी सापडल्या की वर्षानुवर्षे त्यांनाच जुंपले जाते आणि ‘आमच्याकडे आहेत की रात्री बायका’ असे सांगायची सोय होते.

मराठीत बाईने संपादकपद भूषवणे नवे नाही. पती वासुदेवराव बिर्जे यांच्या निधनानंतर १९०८ मध्ये तानुबाई बिर्जे यांनी ‘दीनबंधू’ या वृत्तपत्राची सूत्रे हाती घेतली, हे आपण दर महिला दिनाला छापतोच. विद्या बाळ यांनी ‘स्त्री’ मासिकाचे संपादन केले आणि १९८९ मध्ये ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केले, हेही छापतो. महाराष्ट्राबाहेर पाहायचे तर बुंदेलखंडात चित्रकूटला २००२ मध्ये ग्रामीण बायकांनी ‘खबर लहरिया’ हे वृत्तपत्र उभे केले. बातमी आणण्यापासून अंक वाटण्यापर्यंतची कामे त्याच करत. पण या उदाहरणांकडे नीट पाहिले तर एक गोष्ट टोचते. नवऱ्याच्या मागे जबाबदारी अंगावर आली, मासिक स्त्रियांसाठीचेच होते, किंवा नियतकालिक स्वतः काढले. उपसंपादक, मुख्य उपसंपादक, वृत्तसंपादक, निवासी संपादक या जिन्याने पायरी पायरी चढून मोठ्या मराठी दैनिकाच्या सर्वोच्च खुर्चीपर्यंत गेलेल्या बायकांची नावे आठवायला मात्र वेळ लागतो.

जिन्याची दुसरी बाजू म्हणजे बीट, वार्ताहराला नेमून दिलेले बातम्यांचे क्षेत्र. शिक्षण, आरोग्य, महिला-बालकल्याण, सांस्कृतिक कार्यक्रम ही बिटे बायकांकडे, तर गुन्हे, महापालिका, मंत्रालय, सहकार पुरुषांकडे. आरोग्य हे हलके बीट नव्हे, हे २०२० मध्ये सगळ्यांना कळले. महिनोन्‌महिने पहिले पान त्याच बिटावर चालले होते. साथ ओसरली आणि बीट पुन्हा पान पाचवर गेले. मुख्य वार्ताहर निवडताना विचारतात, ‘महापालिकेत किती वर्षे काढली?’ अर्थसंकल्पाच्या सभेत रात्री किती वाजेपर्यंत बसलात, स्थायी समितीच्या विषयपत्रिकेतले मागच्या दाराने घुसवलेले विषय किती वेळा पकडलेत, यावर माणूस तोलला जातो, आणि त्यात गैर काही नाही. गैर हे की ते बीट मिळायची वाट बंद असते. बीट कुणाकडे किती दिवस आहे याची लेखी नोंदच बहुतेक कचेऱ्यांत नसते. ती ठेवावी, दोन वर्षांनी बीट बदलावे आणि बदलताना महिनाभर जुन्या-नव्या वार्ताहराने एकत्र फिरावे. नव्या माणसाची ओळख खातेप्रमुखांना, कारकुनांना आणि विशेषतः नगरसचिवांच्या कचेरीला करून द्यावी. ही ओळख न देता नुसता आदेश काढला की नवी वार्ताहर सहा महिने प्रसिद्धिपत्रकांवर जगते आणि मग ‘तिला जमले नाही’ असा निकाल लागतो.

तालुक्यात तर जिनाच नाही, शिडीही नाही. तिथला वार्ताहर पगारी नसतो. बातमीमागे किंवा महिन्याला किरकोळ मानधन आणि जाहिरातीवर कमिशन, एवढेच. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, दिवाळी आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस, यांचे जाहिरातीचे लक्ष्य त्याच्या डोक्यावर. जिने कारखान्याच्या मळीने नाला काळा झाल्याची बातमी द्यायची, तिनेच त्या कारखान्याच्या अध्यक्षांकडे वाढदिवसाचे अर्धे पान मागायला जायचे. पुरुष वार्ताहरालाही हे जड जाते. पण बाईला पतसंस्थेच्या मागच्या खोलीत, बिल्डरच्या साइटवर, संध्याकाळी फार्महाऊसवर ‘जाहिरात घ्यायला’ बोलावले जाते आणि तिथे जे घडते ते ती कुणाला सांगत नाही, कारण सांगितले तर लक्ष्य हुकते, घरचेही काम सोडायला सांगतात. बातमी आणि जाहिरात ही दोन कामे दोन माणसांकडे द्यावीत. ज्या दैनिकाला सगळीकडे हे परवडत नसेल त्याने निदान बायकांना एकटीने जाहिरात वसुलीला पाठवू नये आणि लक्ष्य हुकल्याने मानधन कापू नये.

इथेच एक गैरसमज दूर करायला हवा. ‘वार्ताहर आमची कर्मचारी नाही’ हे वाक्य जिल्हा कचेऱ्यांत सर्रास ऐकू येते. वेतनासाठी ते कुठे टिकत असेल, पण कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ (प्रतिबंध, मनाई व निवारण) अधिनियम, २०१३ यासमोर ते टिकणे कठीण. त्यातली कर्मचाऱ्याची व्याख्या मुद्दाम रुंद ठेवलेली आहे. कायम, तात्पुरती, कंत्राटी, रोजंदारीवरची, मोबदला घेणारी वा न घेणारी, शिकाऊ, एजंटामार्फत आलेली, सगळ्या तिच्यात येतात. कामानिमित्त जावे लागलेले ठिकाण आणि मालकाने दिलेले वाहन, दोन्ही कामाचे ठिकाणच मानले आहे. म्हणजे रात्री घरी सोडणारी गाडीही त्यात आली.

अशा तक्रारींच्या चौकशीसाठी या कायद्याने सांगितलेली अंतर्गत समिती मराठी वृत्तपत्रांत असते की नाही? कागदावर असते. कशी बिघडते ते सांगण्यासारखे आहे. दहा किंवा अधिक माणसे काम करतात अशा प्रत्येक कचेरीत वेगळी समिती हवी, पण ती मुख्य कचेरीत एकच असते आणि जिल्ह्याच्या चौदा माणसांच्या कचेरीला तिची खबर नसते. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्रीच हवी. त्या कचेरीत तशी कुणी नसेल तर संस्थेच्या दुसऱ्या कचेरीतून आणायची मुभा आहे. प्रत्यक्षात पुरवणी विभागातल्या चार वर्षे नोकरी झालेल्या मुलीचे नाव घालतात आणि मग तिने कार्यकारी संपादकाला नोटीस काढावी अशी अपेक्षा धरतात. निम्म्या सदस्य स्त्रिया हव्यात, तेवढे बहुधा पाळले जाते. बाहेरची एक सदस्य स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थेतली किंवा या प्रश्नाची जाण असलेली हवी. तिथे कंपनीच्याच वकिलांच्या कचेरीतल्या बाई येतात. नियमांत तिच्यासाठी दिवसाला दोनशे रुपये भत्ता आणि प्रवासखर्च आहे. दोनशे रुपयांत दिवस मोडून कोण येणार, हा प्रश्न रास्त आहे, पण नियमापेक्षा जास्त द्यायला कुणी मनाई केलेली नाही. सदस्यांची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षे. भिंतीवरच्या फलकावर मात्र नोकरी सोडून गेलेल्यांची नावे असतात आणि फलक असतो कॅन्टीनच्या फ्रिजमागे.

तक्रार करणाऱ्यांसाठीही काही गोष्टी नेमक्या सांगायला हव्यात. घटना किंवा घटनांच्या मालिकेतली शेवटची घटना घडल्यापासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची असते. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते, पण कारण लिहून ठेवावे लागते. तक्रारीच्या सहा प्रती, सोबत कागदपत्रे आणि साक्षीदारांची नावे-पत्ते. तारीख, वेळ, जागा आणि उच्चारलेले शब्द जसेच्या तसे लिहावेत. ‘अश्लील बोलले’ असे लिहिले की समोरचा ‘मी फक्त कौतुक केले’ म्हणून सुटतो. व्हॉट्सॲपचे नुसते स्क्रीनशॉट ठेवून फोन बदलू नये. संभाषण एक्स्पोर्ट करावे, आपोआप पुसले जाणारे संदेश बंद करावेत आणि मूळ फोन जपावा. प्रकरण न्यायालयात गेले तर विद्युत पुराव्यासोबतचे प्रमाणपत्र लागते, आणि फोन विकून टाकलेला असेल तर तिथेच गाडे अडते.

समितीने तक्रारीची प्रत सात कामाच्या दिवसांत समोरच्याला द्यायची, त्याने दहा कामाच्या दिवसांत उत्तर द्यायचे. चौकशी ९० दिवसांत संपवायची, त्यानंतर दहा दिवसांत अहवाल, आणि अहवालावर ६० दिवसांत मालकाने कारवाई करायची. सुनावणीला अध्यक्षांसह किमान तीन सदस्य हवेत. दोघांनीच बसून जबाब घेतले तर पुढे अपिलात सगळी चौकशी कोसळते. वकील कुणालाच आणता येत नाही. चौकशी चालू असताना तक्रारदार मागणी करून समोरच्याची किंवा स्वतःची बदली आणि तीन महिन्यांपर्यंतची रजा मागू शकते, ही तिच्या हक्काच्या रजेतून वजा होत नाही. वृत्तपत्रांत बदली बहुधा तिचीच होते. महापालिका बिटावरून वाचकांच्या पत्रांवर.

समेटाची तरतूद आहे, पण ती तक्रारदाराने मागितली तरच, आणि पैशाच्या बोलीवर नाही. ‘सिद्ध झाले नाही तर तुमच्यावरच कारवाई’ ही धमकी कायद्याला धरून नाही. तक्रार सिद्ध करता न येणे आणि जाणूनबुजून खोटी तक्रार करणे यांत कायदा स्पष्ट फरक करतो. गोपनीयतेचेही तसेच. तक्रारदाराचे नाव फोडणे हा भंग आहे. ज्या धंद्याचे पोट बातमी फोडण्यावर चालते त्या कचेरीत हे पाळायचे, म्हणजे नोटिशीची टंकलेखनाला गेलेली प्रतसुद्धा बंद पाकिटात हवी. नाही तर संध्याकाळी कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीला ती समितीच्या आधी कळलेली असते.

तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, किंवा कचेरीत दहापेक्षा कमी माणसे असतील, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचे. जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे तिचा पत्ता मिळतो. तालुका वार्ताहरांसाठी व्यवहारात हीच वाट उरते. केंद्राच्या ‘शी-बॉक्स’ पोर्टलवरूनही तक्रार योग्य समितीकडे जाते. समितीच न नेमणाऱ्या मालकाला ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ऑरेलियानो फर्नांडिस विरुद्ध गोवा राज्य या निकालात समित्या खरोखर नेमल्या आहेत का हे तपासायचे आदेश दिले. ते प्रकरण गोवा विद्यापीठातले होते. निकालाची बातमी आपण सगळ्यांनी दिली. आपापल्या जिल्हा कचेरीत कुणी डोकावले का?

मुदतीबाबत एक घोटाळा वारंवार होतो. माजी केंद्रीय मंत्र्याने दाखल केलेल्या बदनामीच्या खटल्यात पत्रकार प्रिया रमाणी यांना १७ फेब्रुवारी २०२१ रोजी निर्दोष ठरवताना दिल्लीच्या न्यायालयाने म्हटले की स्त्रीला आपली व्यथा दशकांनंतरही, तिला हव्या त्या व्यासपीठावर मांडण्याचा हक्क आहे. महत्त्वाचा निकाल, पण तो बदनामीच्या खटल्यातला. अंतर्गत समितीसमोरची तीन अधिक तीन महिन्यांची मुदत त्याने वाढत नाही. ‘आता कधीही तक्रार करता येते’ असे मथळे त्या वेळी दिसले होते. त्यांवर विसंबून कुणी थांबली असेल तर तिचे नुकसान झाले.

बाळंतपणाबद्दल थोडक्यात. २०१७ पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, आणि आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेले असले की ती मिळते. रजा मिळते, बीट परत मिळत नाही. ‘तात्पुरते’ दिलेले बीट कायमचे होते. रजेच्या पत्रातच ‘रुजू झाल्यावर अमुक बीट’ असे लिहून घ्यावे आणि वर्षाचे मूल्यमापन काम केलेल्या महिन्यांवरच व्हावे. सहा महिने घरी असलेल्या वार्ताहराच्या बातम्यांची संख्या वर्षभर राबलेल्याशी ताडून वेतनवाढ ठरवणे हा हिशेबच चुकीचा.

आता मोजणीकडे. जगभरातल्या बातम्यांत किती स्त्रिया दिसतात-बोलतात हे १९९५ पासून दर पाच वर्षांनी ठरावीक दिवशी मोजले जाते. त्या पाहणीत १९९५ मध्ये हे प्रमाण १७ टक्के होते, २०२० मध्ये २५. पंचवीस वर्षांत आठ टक्के. असली मोजणी कुठल्याही कचेरीत करता येते. त्याला तज्ज्ञ लागत नाही, रेघोट्यांची वही लागते. चार आठवडे रोज पहिले पान आणि शहराचे मुख्य पान घ्यायचे. चार रकाने पुरतात: बातमी कुणाच्या नावाने, अवतरणचिन्हात कोण बोलले, फोटोत कोण, आणि त्यात बाई असेल तर कोणत्या नात्याने आली, म्हणजे पदाधिकारी, तज्ज्ञ, साक्षीदार की कुणाची पत्नी. शेवटचा रकाना डोळे उघडतो. ‘विशेष प्रतिनिधी’च्या, म्हणजे नाव न देता छापलेल्या बातम्या वेगळ्या मोजाव्यात, नाही तर त्या गोंधळ घालतात. मुख्यमंत्री आणि आयुक्तांना मोजणीतून वगळावे, कारण ते कोण असावेत हे डेस्कच्या हातात नाही. लंडनच्या बीबीसीत २०१७ मध्ये एका संध्याकाळच्या कार्यक्रमातून सुरू झालेली अशीच मोजणी टिकली ती याच नियमामुळे. जे आपल्या हातात आहे तेवढेच मोजायचे.

आकडा कमी येण्याचे कारण बहुधा द्वेष नसतो, फोनची वही असते. रात्री नऊला पाटबंधाऱ्यावर, कांद्याच्या निर्यातीवर किंवा आरक्षणाच्या निकालावर चार ओळी हव्या असतात आणि त्याच चार पुरुषांना फोन जातो, कारण ते उचलतात आणि मराठीत तयार वाक्ये देतात. म्हणून स्त्री तज्ज्ञांची यादी नुसत्या नावांची काढून उपयोग नाही. विषय, फोन कधी उचलतात, मराठीत बोलतात की नाही, कॅमेऱ्यासमोर येतात की नाही, शेवटी कधी विचारले, हे सगळे हवे. कृषी विद्यापीठे, अभियांत्रिकी महाविद्यालये, उच्च न्यायालयाची खंडपीठे, जिल्हा रुग्णालये इथून पन्नास नावे दोन महिन्यांत जमतात. ज्यांनी एकदा नकार दिला त्यांना खोडू नये. कित्येकींनी पहिल्या वेळी ‘मी त्यातली तज्ज्ञ नाही’ म्हणून फोन ठेवलेला असतो, आणि त्याच विषयावर पुरुष तज्ज्ञ नसतानाही बोललेला असतो.

बाई संपादक झाली की अंक आपोआप सुधारतो, असा दावा इथे नाही. बलात्काराच्या बातमीत पीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, तरी गाव, शाळा आणि वडिलांचा धंदा देऊन ओळख पटवणारा मजकूर पानात जातो, आणि तो सोडणाऱ्यांत स्त्रियाही असतात. फरक एवढाच की डेस्कवर चौघांत दोघी असल्या की ‘हे काढू या’ म्हणणारीला एकटीने म्हणावे लागत नाही.

एकटीने म्हणावे लागू नये यासाठीच संघटना लागते. स्त्री पत्रकारांचे देशव्यापी जाळे २००२ पासून काम करते आहे. त्याहून शिकण्यासारखे उदाहरण केरळच्या चित्रपटसृष्टीतले. फेब्रुवारी २०१७ मध्ये एका अभिनेत्रीवर हल्ला झाला. त्यानंतर तिथल्या कलाकार आणि तंत्रज्ञ स्त्रियांनी ‘विमेन इन सिनेमा कलेक्टिव्ह’ स्थापन केले आणि मुख्यमंत्र्यांना लेखी निवेदन दिले. निवृत्त न्यायमूर्ती के. हेमा यांची तीन सदस्यांची समिती नेमली गेली. अहवाल ३१ डिसेंबर २०१९ रोजी सरकारकडे गेला आणि तिथेच बसला. माहितीच्या अधिकारातून, राज्य माहिती आयोगाच्या आदेशानंतर, काही भाग झाकून तो १९ ऑगस्ट २०२४ रोजी बाहेर आला. मोर्चे, मुलाखती सगळे झाले, पण अहवाल उघडला तो कागदाच्या पाठपुराव्याने. आपल्याकडे जिल्होजिल्ही पत्रकार संघ आहेत. त्यांत बाईला ‘महिला प्रतिनिधी’ नावाची एक जागा असते आणि कामे असतात हळदी-कुंकू व आरोग्य शिबिराची. चिटणीस आणि खजिनदार ही पदे मागावीत. घरकुलाचा प्रस्ताव, अधिस्वीकृतीची (सरकारी पत्रकार-ओळखपत्राची) शिफारस, पुरस्काराची निवड तिथून हलते. त्यासाठी संघाच्या घटनेत दुरुस्ती लागते, ती सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर आगाऊ यावी लागते. ‘आयत्या वेळच्या विषयां’त मांडली की टाळ्या पडतात आणि ठराव टिकत नाही. नवे पदाधिकारी आले की धर्मादाय आयुक्तांकडे ९० दिवसांत बदल अर्ज जायला हवा. तो न गेल्याने कागदोपत्री जुनेच मंडळ कारभारी राहिल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

आपल्या दैनिकाकडे मागणी एकच आहे. पुढच्या ८ मार्चला पुरवणी हवी तर काढा, शुभेच्छांच्या जाहिरातीही घ्या. फक्त पान दोनवर एक तक्ता छापा. रात्रीच्या डेस्कवर किती स्त्रिया, महापालिका, गुन्हे आणि मंत्रालय ही बिटे कुणाकडे आणि कधीपासून, प्रत्येक जिल्हा कचेरीतल्या अंतर्गत समितीची नावे, वर्षभरात किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या आणि किती ९० दिवसांहून जास्त पडून आहेत. यातला तक्रारींचा आकडा तर कंपन्यांना आता संचालक मंडळाच्या अहवालात द्यावाच लागतो, तो वाचकांसमोर ठेवायला हरकत नसावी. दोन कॉलम, बारा सेंटिमीटरमध्ये बसेल.

आपली,
एक वाचक, पुणे
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)